आठ किलो तीनशे ग्रॅम

सरकारी कचेरीत 'वजन' ह्या शब्दाला एक खास अर्थ आहे. फाईल वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर काहीतरी वजन ठेवा, असे लोक एकमेकांच्या कानात सांगतात आणि हसतात. वीसेक वर्षे कारकुनी केल्यावर हा विनोद इतक्यांदा ऐकला आहे की आता हसूही येत नाही. माझ्या टेबलावर काचेचा एक पेपरवेट आहे, तेवढेच माझे वजन.

पण विचार करायला लागलो की वाटते, आपल्या भाषेलाच वजनाचे कौतुक फार. पुढारी वजनदार असतो, आवाज भारदस्त असतो, थोरांच्या शब्दाला वजन असते. उलट हलका म्हटला की तो हलक्या कानाचा, हलक्या मनाचा. 'हलक्या हाताने' एवढाच काय तो एक चांगला प्रयोग, तोही बहुतेक स्वयंपाकघरातला. हलकेपणा ही अक्कल लावून, घाम गाळून कमावायची गोष्ट असते हे मला कला शाखेच्या तीन वर्षांत कोणी शिकवले नाही. ते मला एका जुन्या जावा मोटारसायकलने शिकवले. आणि त्या मोटारसायकलची गोष्ट सुरू होते ती गोव्यात नव्हे, तर तेलंगणातल्या तामसी नावाच्या गावात.

तामसी आदिलाबाद जिल्ह्यात आहे. पलीकडे पैनगंगा, तिच्यापलीकडे महाराष्ट्र. गाव आधी निजामाच्या राज्यात, 1956 नंतर आंध्र प्रदेशात, 2014 पासून तेलंगणात. पण ओसरीवरच्या गप्पा मराठीतच. माझी धाकटी मावशी तिथे राहते. डिचोलीची मुलगी तामसीला कशी गेली, असे सगळेच विचारतात. तर तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, मूळचे तामसीचे. सत्तरच्या दशकात ते फिटर म्हणून आमच्या भागातल्या खाणीवर कामाला आले. इथेच लग्न झाले. इथेच त्यांनी 1968 सालची जावा 250 जुनी म्हणून विकत घेतली. पुढे वडील गेल्यावर शेती बघायला माणूस हवा, म्हणून ते गावी परतले. बायको, दोन ट्रंका आणि जावा असा संसार ट्रकातून गेला. त्या जावाच्या पाटीवर 'जीडी' ही अक्षरे आजही आहेत. गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाची ती निशाणी. तिकडच्या काळ्या कापसाच्या मातीत आमच्या लाल मातीची ही पाटी चाळीस वर्षे फिरली.

काका 2019 साली वारले. 2022च्या जानेवारीत मी तामसीला गेलो. कापसाची वेचणी चालू होती, घरातल्या पडवीत कापूस छतापर्यंत रचलेला. गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यांखाली जावा उभी होती. मावशी म्हणाली, "घेऊन जा बाबा. इथं उंदीर वायरी खायलेत. चालती कर. आणि झाली की मला एकदा मागं बसवून फिरव." इतकी वर्षे तिकडे काढल्यावर तिच्या बोलण्यात कोकणीचा सूर आणि तिकडची क्रियापदे अशी काही मिसळली आहेत की ऐकत राहावे.

गाडी अंगणात काढताना माझ्या कमरेतून कळ गेली. माझी कंबर आधीच नाजूक, खुर्चीत बसून बसून झालेली. स्टँडवर चढवायला तर मावशीचा सालगडी धावून आला. तेव्हाच ठरवले, ही गाडी मी चालवायची असेल तर तिचे वजन उतरवायला हवे. शर्यतीसाठी नव्हे. फक्त एका मध्यमवयीन कारकुनाला ती दुसऱ्याच्या मदतीशिवाय स्टँडवर लावता यावी म्हणून.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट घडली. देव्हाऱ्याशेजारी एक वीतभर पितळी घोडा होता. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला गेली होती तेव्हा मावशीने आणलेला. बघायला भरीव. मी उचलायला गेलो तो हात झटक्यात वर आला. घोडा आतून पोकळ! आदिलाबादकडचे ओझा कारागीर हे काम करतात. राजगोंड आणि कोलाम लोकांसाठी देव, दिवे, घुंगरे तेच घडवीत आले. आदिलाबाद डोकरा म्हणून ह्या कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आधी मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाची बारीक सूतळी गुंडाळून आकार आणि नक्षी काढायची, वरून पुन्हा माती लिंपायची आणि भाजायचे. मेण वितळून निघून जाते आणि मेणाने सोडलेल्या जागेत पितळ ओतले जाते. म्हणजे पितळ फक्त जिथे दिसायला आणि टिकायला हवे तिथेच. मध्ये माती. पितळ महाग, म्हणून ही अक्कल. मी तो घोडा बराच वेळ हातात तोलत बसलो होतो.

गाडी ट्रान्सपोर्टने डिचोलीला आली आणि मी अभ्यासाला लागलो. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची, कंपनी 1929ची. रुस्तम आणि फारुख इराणी ह्यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' काढली आणि 1961 पासून तिथे ह्या गाड्या बनू लागल्या. पुढे त्यांचेच नाव येझदी झाले. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव 2018 मध्ये बाजारात परत आले, पण त्या नव्या गाड्या वेगळ्या. काकांची गाडी जुन्या घडणीची. 248.5 सीसी, टू स्ट्रोक, पेट्रोलमध्येच ऑइल घालायचे. किक आणि गिअरचा दांडा एकच. सोळा इंची चाके आणि सगळीकडे जाड पत्रा, नुसते बोटाने वाजवले तरी घणघणणारा.

आता वजन काढायचे तर काय काय काढायचे? इथे माझ्यातला कारकून जागा झाला. आधी नियम वाचले. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम वाहनात वाटेल तसे फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते पक्के केले. त्यात 2021च्या जुलैत व्हिंटेज गाड्यांचे नवे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, मोठी उलथापालथ न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधी नोंद झालेली असेल तर जुना क्रमांक राखता येतो. म्हणजे ते 'जीडी' राहू शकते! अट एवढीच की मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही.

ह्यावरून मी स्वतःपुरता एक नियम केला. चेसिसला करवत लावायची नाही, इंजिनाला हात लावायचा नाही, मूळ अंगावर एक भोकसुद्धा नवे पाडायचे नाही. जे करायचे ते नटबोल्टने बसणारे आणि नटबोल्टनेच निघणारे. मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर. उद्या कोणी म्हणाले पहिल्यासारखी करा, तर एका दुपारी झाली पाहिजे.

मग एक वही घातली. आमच्या आवक-जावक रजिस्टरसारखी. भागाचे नाव, मूळ वजन, नवे वजन, शेरा. वजने करायला शेजारच्या दुकानदाराचा इलेक्ट्रॉनिक काटा. पहिल्यांदा मडगार्ड घेऊन गेलो तेव्हा त्याने तांदळाचे पोते बाजूला सारून विचारले, "हें किलोन विकता व्हय?"

पुढचे मडगार्ड भरले 3 किलो 400 ग्रॅम. हे वजन चाकाबरोबर खड्ड्याखड्ड्याला वरखाली होते, म्हणून ते आधी उतरवणे शहाणपणाचे. स्प्रिंगच्या वरचा किलो आणि स्प्रिंगच्या खालचा किलो सारखे नसतात. खालचा जास्त छळतो.

ह्या कामासाठी मी मेकॅनिककडे गेलो नाही, बेतीच्या धक्क्याजवळ होड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे गेलो. आपल्याकडे लाकडी होड्या जाऊन फायबरच्या आल्या त्याला बरीच वर्षे झाली. काचेच्या तंतूंची चटई आणि रेझिन ह्यांच्याशी खेळणारे हात गोव्यात कुठे असतील तर ते होडीवाल्यांकडे. त्याने मडगार्ड उलटसुलट केले, टिचकी मारली आणि म्हणाला, "होडें हलकें जाय, पूण लाटेक तिगपाक जाय." होडी हलकी हवीच, पण लाटेला टिकली पाहिजे.

तो म्हणाला पावसानंतर या. हवेत दमट असले की रेझिन नीट धरत नाही, वर चिकट राहते. मी सरकारी नोकर, थांबण्याची सवय आहे. डिसेंबरात गेलो. मूळ मडगार्डाला मेण चोपडून त्याने त्यावरून साचा काढला, अगदी आमचे चवथीचे मूर्तिकार काढतात तसा. साच्यात आधी जेलकोटचा थर, मग चटई, मग ब्रशने रेझिन ठोकत ठोकत हवेचे बुडबुडे काढायचे. त्याने मला एकच गोष्ट दरडावून सांगितली. हार्डनर आणि ॲक्सिलरेटर ह्या दोन बाटल्या एकमेकींत कधी ओतायच्या नाहीत, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पुरती ढवळायची, मगच दुसरी, तीही मोजून.

मला वाटले होते सगळीकडे सारखेच थर देईल. तसे नाही. मधल्या भागात दोन थर, बोल्टच्या जागी पाच, आणि कडेला आत एक दोरी घालून तिच्यावर चटई वळवली. कड वळली की पातळ पत्रासुद्धा ताठ राहतो. आपल्या पितळी परातीची कड वळलेली असते ती काही शोभेसाठी नव्हे, हे मला तेव्हा कळले. नवे मडगार्ड भरले 1 किलो 300. सीटचा पत्र्याचा तळही त्यानेच फायबरचा करून दिला. सीट 6 किलो 200 वरून 3 किलो 100 वर आली. मी खुशीत वहीत शेरा मारला, 'समाधानकारक'.

इथे माझे डोके थोडे चढले.

मडगार्डला चाकापासून वर धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या होत्या, तीन मिलिमीटर जाडीच्या, सगळ्या मिळून 620 ग्रॅम. मी म्हटले ह्यांना होडीवाला कशाला, ह्या मी घरी करीन. ॲल्युमिनियमची पट्टी आणली, तेवढ्याच जाडीची. व्हाइसमध्ये धरली, हातोड्याने काटकोनात वाकवली. वर दोन-दोन भोके पाडली, शर्यतीच्या गाड्यांच्या फोटोत पाहिली होती तशी. वजन 210 ग्रॅम. शेरा, 'उत्तम'.

मार्चमध्ये मयेच्या उतारावर पुढून खरर्र असा आवाज आला. एक पट्टी वाकवलेल्या कोपऱ्यातच तुटली होती आणि मडगार्ड टायरवर टेकले होते. वेग कमी होता, मागे कोणी नव्हते. गाडी बाजूला घेतली आणि तिथेच एका आंब्याखाली बसलो. पाय थरथरत होते. मडगार्ड आणखी चार बोटे पुढे सरकून चाकात अडकले असते तर पुढचे चाक जागीच थांबले असते आणि मी हँडलवरून पुढे गेलो असतो. चूक कोणाची म्हणून शोधायला जावे तर वहीत अक्षर माझेच होते.

तो तुकडा खिशात घालून मी चोर्ला घाटातून बेळगाव गाठले. आम्हां डिचोली-सत्तरीकडच्यांना लेथचे, ओतकामाचे काही अवघड काम आले की बेळगावचे उद्यमबाग आठवते. तिथे एक टर्नर भेटले. त्यांनी तुकडा चष्मा वर करून पाहिला. "काय करून ठेवलासा ओ हे? पट्टीला कोपरा असा कागदासारखा मोडतात काय?"

मग त्यांनी जे सांगितले ते मी तिथेच वहीत उतरवून घेतले. एक, ॲल्युमिनियम वजनाने लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणातही एक तृतीयांशच. तेवढीच जाड पट्टी घेतली की ती तिप्पट लवते. तेवढाच ताठपणा हवा तर जाडी जवळजवळ दीडपट घ्यावी लागते. तरीही वजन निम्मे होतेच. म्हणजे फायदा तिप्पट नाही, दुप्पट. हाव धरली की पट्टी तुटते. दोन, लोखंडावर ताण ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर ते हादरे जन्मभर सोसते. ॲल्युमिनियमचे तसे नाही. ते प्रत्येक हादरा मनात ठेवते आणि एक दिवस हिशेब पुरा करते. तीन, कडक ॲल्युमिनियम थंड असताना तीक्ष्ण कोपऱ्यात वाकवले की बाहेरच्या अंगाला केसासारखा तडा तेव्हाच पडतो, दिसत नाही एवढेच. वळण गोल हवे, आतली त्रिज्या जाडीच्या निदान तिप्पट. आणि भोके? भोक पाडले की त्याच्या कडेला ताण गोळा होतो. ते वळणाजवळ तर कधीच नको, आणि कडा कानशीने मऊ करायच्या.

आणि मग त्यांनी एक जुनी युक्ती दाखवली. ह्या सबंध उद्योगातला तो माझा आवडता क्षण. कपडे धुण्याची साबणाची वडी पट्टीवर घासली आणि खालून गॅसची ज्योत फिरवली. लोखंड तापले की लाल होऊन सांगते, पण ॲल्युमिनियम रंग न बदलता एकदम वितळते. म्हणून साबण. साबण करपून काळा पडला की समजायचे पुरे, ज्योत काढा. मग पट्टी मऊ होते, मुकाट वाकते. एकदा मऊ झालेली पट्टी मात्र पुन्हा पहिल्याइतकी कडक होत नाही, तेही जाडीत धरायचे. नव्या पट्ट्या साडेचार मिलिमीटरच्या झाल्या, मोठ्या गोल वळणाच्या, वळणापाशी बिनभोकाच्या. 320 ग्रॅम. बोल्टखाली नायलॉनच्या चकत्या घातल्या, कारण आपल्या खाऱ्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियमला पांढरी पूड सुटते.

न्यूझीलंडचा बर्ट मनरो तुम्हांला माहीत असेल. 2005 मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला. त्याच्याकडे 1920 सालची 'इंडियन' मोटारसायकल होती. नाव इंडियन, गाडी अमेरिकन. पिस्टन तो घरच्या शेडमध्ये जुन्या डब्यांत ओतून करायचा, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या जुन्या आसातून घडवायचा. 1967 मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी, त्याने अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर ताशी 183 मैलांचा विक्रम केला. मला त्या विक्रमापेक्षा त्याच्या शेडमधली एक फळी जास्त आवडते. तुटलेले पिस्टन, फुटलेले भाग तो फेकत नसे. वेगाच्या देवाला वाहिलेल्या वस्तू म्हणून त्या फळीवर मांडून ठेवी. माझी तुटकी पट्टीही आता खिडकीत आहे. अर्थात माझा देव वेगाचा नव्हे. चाळीसच्या वर मी जातच नाही.

त्या पट्टीनंतर मी गाडीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आधी जड भाग दिसला की हात शिवशिवायचा. आता विचारू लागलो, हा जड का आहे? जावाची मागची चेन पूर्ण पत्र्याच्या पेटीत बंद असते. किती जणांनी सांगितले, ती काढून टाका, चेन उघडी छान दिसते. पण आपला चार महिन्यांचा पाऊस, लाल चिखल, आणि तिकडे तामसीची पायाला चिकटणारी काळी माती. त्या पेटीमुळेच ती चेन इतकी वर्षे टिकली. पेटी राहिली. मागचे मडगार्डही लोखंडाचेच ठेवले, कारण त्याच्यावर दिवा, पाटी आणि कॅरियरचा भार.

राहिला कॅरियर. तो कंपनीचा नव्हे. काकांनी खाणीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः केलेला, बारा मिलिमीटरच्या भरीव सळईचा. 4 किलो 700! शिवाय चाकाच्या आसाच्याही मागे लोंबणारा, म्हणजे स्टँडवर लावताना सगळा उलटा जोर त्याचाच. ह्यावर तामसीहून आदिलाबादच्या बाजारात काय काय गेले असेल त्याला गणती नाही.

इथे मला तो पितळी घोडा आठवला. सळई वाकायला बघते तेव्हा खरा जोर तिच्या बाहेरच्या सालीवर येतो, मधला गाभा जवळजवळ आरामात असतो. बारा मिलिमीटरची दीड मिलिमीटर जाडीची नळी घेतली तर वजन भरीव सळईच्या निम्म्याहून कमी, पण वाकण्याला विरोध दोन तृतीयांश शिल्लक. चिवारीची काठी हेच सांगत आली आहे, आम्ही ऐकत नाही. उद्यमबागेतच कॅरियर झाला, पितळेच्या डागाने जोडलेला. जोडताना टर्नरनी प्रत्येक नळीला खालच्या अंगाला सुईएवढे भोक ठेवायला लावले. बंद नळी तापली की आतली हवा वाट शोधते आणि ओला डाग फोडून बाहेर येते. पोकळीलासुद्धा श्वास लागतो.

काकांच्या कॅरियरला डाव्या अंगाला सळईची एक कडी होती, वर उचललेली. कापसाच्या बोचक्याला दोर बांधायला असणार, असे समजून मी नव्यात ती धरली नाही. नवा कॅरियर 1 किलो 700. तीन किलोंची बचत! शेरा, 'अत्युत्तम'.

2023च्या चवथीला मावशी आली. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे. गणपती पोचवल्यानंतर एका सकाळी म्हणाली, "चल, फिरवतोस ना?" हेल्मेट घालून दिले तर आरशात बघून हसत सुटली. मग नऊवार नव्हे पण सहावार लुगड्याचा पदर खोचून एका अंगाला बसली. उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि डावा हात, न बघता, मागे नेला. तो हात हवेत फिरत राहिला.

"कडी कुठाय रे?"

मी म्हटले, "कसली कडी?"

"माझी."

मग तिने सांगितले. लग्नानंतर पहिल्यांदा गाडीवर बसली तेव्हा ती इतकी घाबरली की अर्ध्या वाटेत उतरून चालत घरी आली. आठवडाभर बसेना. तेव्हा काकांनी तिला उभ्या गाडीवर बसवले, डावा हात मागे घ्यायला सांगितला, जिथे मूठ आपोआप वळली तिथे खडूने खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी कॅरियरला बरोबर त्या जागी कडी जोडून आणली. "दवाखान्यात बाळंतपणाला गेले ना आदिलाबादला, ती कडी धरूनच गेले. दोनदा."

मी खाली मान घालून ऐकत होतो. माझ्या वहीत त्या कडीचे वजन होते, कॅरियरच्या वजनात मिळवलेले. काम लिहिलेले नव्हते.

आणखी लाज वाटली ती दुसऱ्या दिवशी. नियमांचे पुस्तक पुन्हा काढले. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 123. मागे माणूस बसणाऱ्या मोटारसायकलला बाजूला किंवा चालकाच्या मागे हाताने धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचे निदान अर्धे चाक झाकलेले हवे. नियम समोर होता. मी त्याच्या वरचे आणि खालचे वाचले होते, कारण मी फक्त माझ्यापुरते बघत होतो. खाणीवरच्या एका फिटरने ते नियम यायच्या दहा-बारा वर्षे आधी खडूच्या एका खुणेवर हे काम करून ठेवले होते.

मी मावशीला म्हटले, काकांचा कॅरियर माळ्यावर आहे, आजच परत बसवतो. मला वाटले ती डोळ्यांना पदर लावील. ती म्हणाली, "तो नको रे. ते धूड मला कधीच आवडलं नाही. गाडी पडली की ते उचलताना ह्यांची कंबर धरायची. हलकं केलंस ते बरंच केलंस. फक्त कडी दे."

मग मी खडू आणला. आमच्या अंगणात, उभ्या गाडीवर मावशीला बसवले. तिने डावा हात मागे नेला. मूठ वळली तिथे खूण करायला गेलो, तर म्हणाली, "थांब, आता खांदा तेवढा मागे जात नाही. चार बोटं पुढं घे." तशी घेतली. बेळगावला कॅरियरला नळीची कडी जोडून आणली. कॅरियर 1 किलो 900 झाला. वाढलेल्या दोनशे ग्रॅमचा शेरा मी मोकळा ठेवला आहे. काय लिहावे ते सुचत नाही.

सगळा हिशेब असा. मडगार्ड 2 किलो 100, सीट 3 किलो 100, पट्ट्या 300 ग्रॅम, कॅरियर 2 किलो 800. एकूण बचत आठ किलो तीनशे ग्रॅम. दीड वर्ष, बेळगावच्या कितीतरी खेपा, आणि खर्च सौ.ला अजून खरा सांगितलेला नाही. आमचा डॉक्टर म्हणतो तेवढे वजन तुम्ही स्वतःचेच फुकटात उतरवू शकला असता. खरे आहे. पण गाडी आता मी एकटा स्टँडवर लावतो.

मावशी तामसीला परत जाण्याआधी आम्ही नार्व्याच्या सप्तकोटेश्वरापर्यंत जाऊन आलो. वाटेत ती काही बोलली नाही. परत आल्यावर उतरली, हेल्मेट माझ्या हातात दिले, कडीवरून एकदा बोट फिरवले आणि म्हणाली, "कड जराशी टोचते. कानस मार."

असो. त्या रविवारी कानस मारली. वहीत नोंद केलेली नाही, काट्यावर फरक दिसला नाही.